'नाही' आणि 'नको'

यावेळचं संपादकीय मी लिहावं असं मंडळाच्या बैठकीत ठरलं, त्याला कारण माझीच एक तक्रार. मी म्हटलं होतं की, आपण मारहाणीवर लिहितो, पाण्यावर लिहितो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून लिहितो, पण जिला बोलताच येत नाही अशा मुलीबद्दल आपल्या अंकात कित्येक वर्षांत एक ओळ आलेली नाही. त्यावर सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या, "मग तूच लिही." जी तक्रार करते तिच्याच गळ्यात काम पडतं, हा संघटनांचा जुना रिवाज!

मी विशेष शिक्षिका आहे. वेल्हे तालुक्यात (सरकारदरबारी त्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे) मार्गासनी, विंझर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांमधून मी फिरते. ऐकू न येणारी, न दिसणारी, चालता न येणारी, उमजायला वेळ लागणारी मुलं आपल्या गावच्याच शाळेत शिकावीत म्हणून वर्गशिक्षकांना मदत करायची, मुलांना शिकवायचं, आणि जी शाळेपर्यंत येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, असं हे काम. त्याला जोडून मी आणखी एक नाद लावून घेतला आहे. अपंगांना उपयोगी पडणाऱ्या साधनांच्या ज्या परिषदा भरतात, त्यांना मी जमेल तेव्हा जाते. (मी 'अपंग' लिहिते. 'दिव्यांग' म्हणावं असा दंडक आहे, पण ज्या घरांत मी जाते तिथे दिव्य असं काही मला दिसलेलं नाही. कष्ट मात्र पुष्कळ दिसतात.)

पहिल्यांदा निघाले तेव्हाची गोष्ट. मार्गासनीच्या थांब्यावर पहाटे चेलाडी फाट्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होते. पलीकडच्या वस्तीवरची एकजण दूध घालायला आली होती. तिच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. लहानपणी मेंदूला इजा झाल्यामुळे हातापायांचे आणि जिभेचे स्नायू तिच्या ताब्यात नाहीत. पोरीला सगळं कळतं, बोलता मात्र येत नाही. मी कुठे निघाले ते ऐकून आई म्हणाली, "बाई, तिथं बोलायचं मशीन असतं म्हणं. किती पैशे पडत्यात ते इचारून या." मग जरा थांबून, "आन् ते आमच्यावानी बोलतं का शेरातल्यावानी, ते बी बघा."

त्या परिषदेत मी पुष्कळ भाषणं ऐकली. इतका नेमका प्रश्न एकाही भाषणात आला नाही.

अशा परिषदा जगात बऱ्याच वर्षांपासून भरतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या नॉर्थरिज इथल्या शाखेने १९८५ साली सुरू केलेली परिषद आजही दरवर्षी होते. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत २०१८ साली 'एम्पॉवर' नावाची परिषद सुरू झाली, मग ती वेगवेगळ्या शहरांत फिरू लागली, २०२२ साली चेन्नईला होती. संशोधक, कारखानदार, डॉक्टर, संस्थांचे लोक, आणि स्वतः अपंग असलेले स्त्री-पुरुष एका छपराखाली येतात. एका बाजूला भाषणं, दुसऱ्या बाजूला साधनांचे स्टॉल.

मी टीका करणार आहे, त्याआधी कबूल करते की पहिल्या परिषदेत मी हरखून गेले होते. मंचावर चढायला उतार होता. बोलणाऱ्यांच्या शेजारी खुणांच्या भाषेतले दुभाषी उभे होते. एक आंधळी मुलगी संगणकावर झरझर काम करत होती आणि संगणक तिला पडद्यावरचं वाचून दाखवत होता. ते वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे मला तिथेच कळलं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या आंधळ्या तरुणाने ते लिहायला घेतलं होतं, आणि मराठीसुद्धा वाचणारा आवाज त्याला जोडता येतो. त्याचं मराठी खडबडीत आहे, पण चालतं. परत आल्यावर एका शाळेतल्या धूळ खात पडलेल्या संगणकावर मी ते बसवून घेतलं. परिषदेला गेले नसते तर हे मला कुणी सांगितलं असतं? वरच्या कचेरीतून येणाऱ्या पत्रकांत माहिती भरायचे रकाने असतात, माहिती नसते.

पण जायचं कसं? विशेष शिक्षिका म्हणजे वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करणाऱ्या बाया. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं की, प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. मार्च २०२५मध्ये पुन्हा राज्यांना पदं जाहीर करायला बजावावं लागलं. या ओढाताणीत परिषदेसाठी प्रवासभत्ता, कामावरची म्हणून धरलेली रजा, हे मागायचं धाडस कोण करणार? मी रजा घालवून आणि पदरचे पैसे घालून गेले. नोंदणीचं शुल्क, रेल्वेचं भाडं, राहण्याचं. शिवाय घरची परवानगी. 'परवानगी' हा शब्द मला आवडत नाही, पण दोन दिवस सासूबाईंच्या औषधांचं काय, धाकट्याच्या डब्याचं काय, हे ज्या पुरुष प्राध्यापकांना ठरवून निघावं लागलं असेल असा एकही मला तिथे भेटला नाही. करोनाच्या काळात पुष्कळ परिषदा ऑनलाइन झाल्या, तेव्हा वाटलं, आता सोपं होईल. पण आमच्या खोऱ्यात पावसाळ्यात वीज टिकत नाही, आणि घरात बसलेल्या बाईला कुणी परिषदेत बसलेली समजत नाही. भाषण चालू असताना मी दोनदा गॅस बंद करायला उठले.

आता साधनांबद्दल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२च्या अहवालात म्हटलं होतं की, जगात २५० कोटींहून अधिक माणसांना चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांपैकी किमान एका साधनाची गरज आहे, आणि त्यातल्या जवळजवळ १०० कोटी माणसांपर्यंत ते पोचत नाही. असे आकडे परिषदेत पहिल्याच पडद्यावर दाखवतात. पोचलेल्या साधनांचं पुढे काय होतं, हे मात्र आमच्यासारख्यांना शाळांच्या कपाटांत बघायला मिळतं.

कानाचं यंत्रच घ्या. कानामागे लावायच्या यंत्राला कानात बसणारा एक साचा असतो, तो त्या मुलाच्या कानाच्या मापाने बनवतात. मूल वाढतं, कान वाढतो, साचा ढिला होतो. मग यंत्र शिट्टी मारायला लागतं, वर्ग हसतो, मूल यंत्र काढून ठेवतं. नवा साचा करायचा तर पुण्याला खेप, म्हणजे एका मजुरीवर पाणी. यंत्र तसं शाबूत असतं, पण कपाटात जातं, आणि कागदावर मात्र 'साधन वाटप पूर्ण'. त्याआधी शिबिरांमधून मिळायचं ते खिशात ठेवायचं यंत्र. पेटी खिशात आणि वायर कानापर्यंत. मुलाच्या शर्टाला खिसा असतो. मुलीच्या फ्रॉकला? मी पाहिलेल्या घरांमध्ये प्रत्येक आईने जुन्या परकराची कापडी पिशवी शिवून ती पोरीच्या गळ्यात अडकवली होती. ते यंत्र आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुलगी नव्हतीच. आणि ही उणीव आईने शिवणाच्या चार टाक्यांत भरून काढली, तिची नोंद कुठेही नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. १९६८ साली जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी बनवलेला पाय. परदेशी पायाने मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, आणि त्याच्यावर बूट चढवावा लागे. जयपूरचा पाय अनवाणी चालतो, चिखलात उतरतो. आमच्याकडे भाताची लावणी गुडघाभर चिखलात वाकून करावी लागते, त्यामुळे या गोष्टीचं मोल इथल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही. तो पाय बनवणाऱ्यांनी आधी वापरणाऱ्याचा दिवस कसा जातो ते पाहिलं होतं.

मुलीच्या दिवसाचं काय? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यात १ कोटी १८ लाख मुली आणि बायका. अपंग मुलीला शिकण्यासाठी समग्र शिक्षा योजनेतून महिना २०० रुपये, वर्षातले १० महिने, असा भत्ता ठरवला गेला. २०१६च्या कायद्याने विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत योग्य साधनं मोफत मिळण्याची तरतूद केली. कागदावर हे सगळं नीट आहे. वस्तीवर मी काय बघते? चाकाची खुर्ची चढावर चालत नाही म्हणून आई नऊ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन शाळेत आणते, दुपारी पुन्हा शी-शूसाठी येते, कारण मुलीला धरून बसवणारी दुसरी बाई शाळेत नाही. मग आई मजुरीला कधी जाणार? परिषदेत ज्याला 'साधन' म्हणतात ते आमच्या खोऱ्यात हाडामांसाचं आहे आणि त्याची कंबर दुखते.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते बोलण्याच्या यंत्राबद्दल.

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते असतात. मूल चित्रावर बोट ठेवतं, नजर टाकतं, समोरच्याने ओळखायचं. हेच टॅबवर केलं की चित्र दाबल्यावर आवाज येतो. आपल्या देशातही चांगलं काम झालं आहे. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी 'आवाझ' बनवलं. मुंबईच्या आयआयटीतल्या रवी पूवय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं 'जेलो' मोबाइलवर फुकट मिळतं. त्यात आवड-नावड, हो-नाही, अजून-कमी अशी बटणं कायम असतात. म्हणजे मुलाने फक्त वस्तू मागायची नाही, मतही द्यायचं, हा विचार त्यामागे आहे. मला तो फार मोलाचा वाटतो.

तरी एके ठिकाणी मी अडले. एका परिषदेत कुणी नव्याने केलेला मराठी तक्ता दाखवत होते. इंग्रजीवरून उतरवलेला. त्यात 'नो'च्या चित्राखाली 'नाही' लिहिलं होतं. मैत्रिणींनो, आपल्या भाषेत 'नाही' वेगळं आणि 'नको' वेगळं. "दूध आहे का?" याला उत्तर 'नाही'. "दूध घे" याला उत्तर 'नको'. 'नाही' ही माहिती झाली. 'नको' ही इच्छा. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द पुरतो, म्हणून तक्ता करणाऱ्याच्या हातून 'नको' सुटला असेल. पण मराठी घरातल्या मूल नसलेल्या, बोलू न शकणाऱ्या, पन्नाशीच्या बाईपासून चार वर्षांच्या पोरीपर्यंत सगळ्यांना जो शब्द पहिल्यांदा लागतो, तोच नेमका गाळून आपण त्यांच्या हातात बिस्कीट, चेंडू आणि मोटारगाडी दिली.

मी प्रश्नोत्तरांत हात वर केला. इंग्रजी जमेना म्हणून हिंदीत विचारलं. 'नको' कुठे आहे? शरीराच्या भागांचं पान आहे, त्यात डोकं-नाक-कान-पोट आहे, त्याखाली काही का नाही? कुणी हात लावला, दुखलं, हे मुलीने कुठल्या चित्राने सांगायचं? सभागृहात जरा शांतता पसरली. मग एक गृहस्थ म्हणाले की, अशी चित्रं टाकली तर पालक हे वापरणार नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही, ते पुढे सांगते. पण मला त्या क्षणी शिरूर आठवलं.

आपल्यातल्या जुन्याजाणत्यांना ते विसरणं शक्य नाही. १९९४च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. कारण दिलं होतं की, त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री-संघटनांनी विरोध केला, गदारोळ झाला, उरलेल्या मुलींच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तेव्हा आपण विचारलं होतं, या मुलींना कुणी विचारलं का? बरोबरच होतं ते. आज मला त्याच्या पुढचा प्रश्न पडतो. कुणी विचारलं असतं, तर त्यांनी उत्तर कशाने दिलं असतं? पाळीच्या घडीची पायरीपायरीची चित्रं मोरीत लावून अशा मुलींना स्वतःचं स्वतः करायला शिकवता येतं, मी शिकवलं आहे. पुठ्ठ्यावरची ती सहा चित्रं हेसुद्धा सहाय्यक तंत्रज्ञान आहे. ते कुठल्या स्टॉलवर नव्हतं.

दुसरं, कायदा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२च्या कायद्यात म्हटलं आहे की, अपंग मुलाचा जबाब घेताना पोलीस किंवा दंडाधिकारी विशेष शिक्षकाची मदत घेऊ शकतात. २०१३च्या दुरुस्तीनंतर अपंग स्त्रीच्या बाबतीतही दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत, चित्रीकरण करून जबाब नोंदवायची तरतूद आली, आणि जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. म्हणजे कायद्याने माझं नाव घेतलं आहे. उद्या तालुक्यातून निरोप आला तर मला जावं लागेल. मी मुलीपुढे काय ठेवणार? घटना घडल्यानंतर नवा तक्ता बनवून नेला, तर समोरचा वकील म्हणेल की बाईंनी मुलीच्या तोंडात शब्द घातले. आणि ते खोडून काढणं अवघड जाईल. शब्द आधीपासून, रोजच्या वापरातले, तिचे स्वतःचे असले पाहिजेत. ज्या मुलीला रोज 'भाजी नको' म्हणता येत नाही, तिला एके दिवशी कोर्टात सगळं सांगता येईल अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर धरायची?

त्या सत्रानंतर एक तरुण मुलगी मला शोधत आली. वाचा-उपचार करणारी होती. आम्ही चहाच्या टेबलावर कागद पसरून दोन तास बसलो, पुढची तीन भाषणं बुडवली. परिषदेतून मी जे आणलं त्यातलं बरंचसं त्या चहाच्या टेबलावरचं आहे.

परत आल्यावर तक्ता केला तो कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर. टॅब नंतर बघू, आधी शब्द ठरवू. पोरीच्या आईला म्हटलं, "घरात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे फोटो लावू या, म्हणजे तिला कुणाबद्दल सांगायचंय ते कळेल." आई आजी, बाबा, भाऊ असं सांगत गेली, मग गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, "सगळ्यांचे लावा. शेजारचे, दूधवाला, पावणे, सगळे. कुणाला सोडू नका." मी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

मग शरीराचं पान. अंगणवाडीत आठ-दहा आयांना बोलावलं. त्या जागेला काय म्हणायचं? आधी खूप हसू. मग एकीने सांगितलेला शब्द म्हणजे शिवी, दुसरीने सांगितलेला आरोग्य खात्याच्या तक्त्यावरचा, जो घरात कुणी उच्चारत नाही. बाकी 'तिथलं', 'खालचं', 'शूची जागा'. एका म्हातारीने विचारलं, "बोलणाऱ्या पोरींना तरी कुठं नाव सांगितलंय आपण?" त्या गृहस्थांचं म्हणणं मला तेव्हा आठवलं. लाज आमच्याकडेही होतीच. तरी तासाभराने त्याच बायकांनी 'शूची जागा' हे नाव पक्कं केलं आणि चित्र कसं काढायचं तेही सांगितलं. कुणीही तक्ता नाकारला नाही.

'नको'चं चित्र काही केल्या सुचेना. हाताने फुली? लाल गोळा? शेवटी पोरीनेच दाखवलं. आईने घास पुढे केला आणि तिने मान सबंध भिंतीकडे वळवली. अंगणवाडीच्या सेविकेने तसंच पाठमोरं डोकं काढलं.

तिने तो शब्द पहिल्यांदा वापरला तो माझ्यावर. मी पाढे घ्यायला बसले, तर पोरीची वळलेली मूठ सरकत सरकत पाठमोऱ्या डोक्यावर जाऊन थांबली. नको. पुढच्या आठवड्यात आजीची तक्रार आली की पोरगी आता ऊठसूट नको म्हणते, पावण्यांपुढे सुद्धा. आईने माझ्याकडे बघितलं, आणि आजीला म्हणाली, "म्हणू द्या."

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तुमच्या भागात, तुमच्या घरात, मुलीला तिच्या शरीराच्या भागांची जी नावं सांगतात, शिवी नसलेली आणि पुस्तकीही नसलेली, ती आम्हाला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. विदर्भातली, कोकणातली, खानदेशातली, सीमाभागातली. तक्ता एका खोऱ्यापुरता राहू नये. आणि दुसरं, पुढच्या परिषदेला मी एकटी जाणार नाही, त्या पोरीची आई बरोबर येणार आहे. तिच्या दोन दिवसांच्या मजुरीची आणि भाड्याची सोय मंडळ करतं आहे. पोरीला दोन दिवस कोण उचलणार, हे मात्र अजून ठरायचं आहे.